मधल्या खोलीचं छत

छत कोसळलं तेव्हा मी त्याच खोलीत होते, फक्त दाराशी पोचले होते. श्रावण संपत आला होता. शाळेतून आल्यावर मधल्या खोलीतल्या पलंगावर चाचणीचे पेपर पसरून बसले होते आणि कुकरची शिट्टी का होत नाही म्हणून उठले. पाठीमागे धप्पकन आवाज झाला, वाळूचं पोतं कुणी वरून सोडून द्यावं तसा. वळून पाहिलं तर पलंग दिसतच नव्हता. खोलीभर पांढरा धुरळा. तो खाली बसल्यावर दिसलं, की पेपरांवर, उशीवर, गादीच्या मध्यावर गिलाव्याचे जाड तुकडे पडलेत, त्यातला एक तर पाटाएवढा. वर छताला मोठं भगदाड पडलं होतं आणि त्यातून गंजून फुगलेल्या सळया दिसत होत्या.

मी तिथेच उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, गॅस बंद करायला हवा हे कळत होतं, पण मी त्या सळयांकडेच बघत होते. वरच्या मजल्यावर काहीतरी कुटण्याचा आवाज चालला होता, तोही थांबला. मग बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली आणि खिडकीच्या गजांतून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज आला.

"काय पडलं गं?"

"छत, ताई."

"लागलं का कुणाला?"

"नाही. मी उठले होते."

त्या गजांजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी विचारलं म्हणून सांगू नकोस खाली," आणि वर निघून गेल्या.

'खाली' म्हणजे माझ्या नवऱ्याला. आमचं घर पंचवटीच्या टोकाला, दिंडोरी नाक्याच्या पलीकडच्या एका कॉलनीत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं. तेव्हा आजूबाजूला कोबी-फ्लॉवरचे मळे होते म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मळे गेले होते आणि आप्पाही. खाली आम्ही तिघं, मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. वर मोठे दीर आणि जाऊबाई. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. वाटण्या झाल्या तेव्हा वरच्यांना स्वतंत्र स्वयंपाकघर हवं म्हणून दिरांनी आमच्या मधल्या खोलीच्या बरोबर डोक्यावर मोरी काढली. त्यासाठी जमीन फोडली, पाइप घातला. माझा नवरा म्हणाला होता, स्लॅबला पाणी लागेल. दीर म्हणाले होते, माझ्या मजल्यावर मी काय करायचं ते तू सांगू नकोस. त्यापुढे आणखीही बरंच बोलणं झालं. मग आतला जिना विटा लावून बंद झाला, बाहेरून लोखंडी जिना लागला आणि भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. आम्ही बायका बोलत होतो, पण कपडे वाळत घालताना, पाण्याच्या टाकीपाशी, पुरुष घरात नसताना. एवढ्या वर्षांत या चोरट्या बोलण्याचीही सवय होऊन गेली होती.

माझा नवरा सातपूरला कारखान्यात होता. पहिली पाळी संपवून आला, चपलाही न काढता मधल्या खोलीत गेला, मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं."

मला वाटलं होतं, आधी विचारेल, तू कुठे होतीस? नंतर विचारलं त्याने. पण आधी हेच.

त्या दिवसापासून घरात कुणी सरळ बसलं नाही. मधल्या खोलीतूनच स्वयंपाकघरात जायची वाट. आम्ही भिंतीला चिकटून, डोक्यावर ताट किंवा पाट धरून जायला लागलो. मुलीला आधी गंमत वाटली, मग ती खोलीच टाळायला लागली. माझी तर मान कायम वर. स्वयंपाकघरातलं छत चांगलं होतं, तरी तिथेही पोळ्या लाटताना वर बघायची. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता वर्गाच्या छताकडे लक्ष जायचं. बाकांचा आवाज झाला तरी दचकायची. घरात झाडूचा दांडा घेऊन भिंतींवर, छतावर ठोकत फिरायचा नाद लागला. कुठे आवाज खणखणीत येतो, कुठे बद्द. जिथे बद्द वाटायचा तिथे खाली कुणाला बसू द्यायची नाही. नवरा वैतागून म्हणाला, "अशी ठोकत राहिलीस तर उरलंसुरलंही तूच पाडशील."

मिस्त्री आला तो गंगापूर धरणाकडच्या गावचा, पन्नाशीचा, तंबाखू मळत बोलणारा. त्याने हातोडीने दोन-चार ठिकाणी वाजवून पाहिलं. चौथ्या ठोक्याला आणखी एक पोपडा त्याच्या खांद्याजवळून खाली आला. तो दोन पावलं मागे सरकला.

"नुसतं खालनं लिंपून नाय जमायचं," तो म्हणाला. "आधी टेकू लावू. मग सगळा सैल गिलावा काढू. सळया साफ करू. पण वरलं वजन काढा पहिलं. वर काय-काय हाय?"

 वर काय आहे हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. आपल्याच घरात तो कित्येक वर्षं वर चढला नव्हता.

मी म्हणाले, "लोखंडी कपाट आहे, पाण्याचं पिंप, धान्याच्या कोठ्या, ओटा आणि शिवणाचं मशीन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. आता चुकवून काय उपयोग होता?

"सगळं काढायचं?" त्याने मिस्त्रीला विचारलं.

"सगळं. खोली मोकळी पायजे. मोरी बंद. वरल्या लोकान्ला सांगा."

हे सांगायचं कुणी, यावर चार-पाच दिवस गेले. नवरा रोज म्हणायचा, उद्या बघू. पाऊस पुन्हा लागला. भगदाडाच्या कडेने ओल पसरत गेली आणि एका सकाळी मधल्या खोलीतून नेताना चहाच्या पातेल्यात खडा पडला. मी पातेलं तसंच परत ओट्यावर नेऊन ठेवलं, पदर खोचला आणि लोखंडी जिना चढून वर गेले.

दीर खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. रिटायर झाल्यापासून ते सकाळभर पेपरच वाचायचे, पहिल्या पानापासून मुद्रकाच्या नावापर्यंत. त्यांनी पेपर खाली केला नाही. जाऊबाई मोरीपाशी उभ्या राहिल्या, हातातलं भांडं तसंच धरून.

मी सगळं सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला, खोली मोकळी करावी लागेल, मोरी बंद ठेवावी लागेल.

"त्याला स्वतःला यायला काय झालं?" पेपरामागून आवाज आला.

"ते येणार नाहीत, दादा. तुम्हीही खाली येणार नाही. आणि मधे मी आणि माझी मुलगी त्या छताखालून रोज जातो."

पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण हे त्यांना नव्याने ओळखायचं होतं. मग त्यांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.  चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. मी मागे धावले.

नवरा दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. दीर थेट मधल्या खोलीत गेले. दोघं भाऊ त्या भगदाडाखाली उभे राहिले, वर बघत. एकमेकांकडे नाही. मला वाटलं, आता आणखी काही कोसळेल, वरून नाही तर यांच्यातून. पण दीर फक्त म्हणाले, "हं," आणि आले तसे गेले. दुपारी जाऊबाईंनी कोठ्यांमधलं धान्य पोत्यांत भरायला सुरुवात केल्याचा आवाज आला.

वरच्यांच्या दोन खोल्या. एक मोकळी करायची म्हणजे सगळं सामान दुसरीत जाणार, झोपायला जागा उरणार नाही, आणि चूल तर गेलीच. ते कुठे जेवणार, कुठे निजणार, हे कुणी बोललं नाही. मीच एका संध्याकाळी जाऊबाईंना म्हणाले, "ताई, तुम्ही खाली या." हे मी नवऱ्याला न विचारता म्हणाले. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बोलावलंस ना? मग मला कशाला विचारतेस?" पण रागावला नाही. बाहेरच्या खोलीतली स्वतःची खाट त्याने मागच्या पडवीत नेली आणि त्या रिकाम्या जागी दिरांची सोय झाली. जाऊबाई आणि मी मुलीला घेऊन खाली गाद्या टाकून निजायचो.

काम सुरू झालं तसं घर घर राहिलं नाही. मधल्या खोलीत लोखंडी टेकू उभे राहिले, त्यांच्यावर फळ्या, त्यावर मिस्त्री आणि त्याचा जोडीदार. छिन्नी-हातोडीचा आवाज सकाळपासून. धूळ सगळीकडे. बरण्यांना फडकी बांधली तरी लोणच्याला चुन्याची चव लागायची. स्वयंपाक आम्ही मागच्या पडवीत, स्टोव्हवर करायचो. जाऊबाई वांग्याच्या भाजीत दाण्याचा कूट घालायच्या नाहीत, मी घालायची. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "कूट कशाला? वांग्याची चव जाते." मी म्हणाले, "आमच्याकडे लागतो." बोलून गेल्यावर दोघींनाही चमत्कारिक वाटलं. 'आमच्याकडे' म्हणजे काय, एकाच घरात? मग अर्धी भाजी काढून ठेवली, अर्ध्यात कूट घातला. दोन्ही पातेली संपली.

पुरुष मात्र बोलत नव्हते. जेवायला एकाच ओळीत बसायचे, मधे मुलगी. बोलायचं झालं तर मिस्त्रीकडून.

"मिस्त्री, त्यांना सांगा, पाइप जुना आहे, तो बदलूनच टाका."

"मिस्त्री, त्यांना म्हणावं, पाइप बदलायचा तर मोरीची जागाही बदला."

दोघंही त्याच खोलीत उभे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिस्त्रीने हातोडी फळीवर आपटली.

"मी काय टेलिफोन हाय का? तुमी दोघं सख्खे भाऊ ना? मग बोला की. मला माझं काम करू द्या."

मुलगी हसली. मी तिला डोळ्याने दटावलं, पण मलाही हसू आवरेना. दीर बाहेर गेले. नवरा पाळीचा डबा घेऊन वेळेच्या आधीच निघाला.

माझी स्वस्थता अजूनच गेली. धोका खरं तर कमी झाला होता, टेकू लागले होते. पण आता दोन्ही भाऊ एका छताखाली होते आणि मला सारखं वाटायचं, काहीतरी होणार. शाळेत तास घेता घेता मनात यायचं, आज ते दोघंच घरी आहेत. मधल्या सुट्टीत शेजारच्या दुकानातून घरी फोन करायची. जाऊबाई उचलायच्या, म्हणायच्या, "काही नाही गं, सगळं ठीक आहे." मागे ठोकण्याचा आवाज. मी पुन्हा वर्गात.

सगळा सैल गिलावा उतरला तेव्हा एक गोष्ट दिसली आणि ती दिसायला कुणी जाणकार असायची गरज नव्हती. सळया स्लॅबच्या पोटात नव्हत्याच. अगदी खालच्या कडेला, जवळजवळ उघड्याच, जणू फळ्यांवर ठेवून वरून काँक्रीट ओतलं होतं. खाली फक्त बोटाच्या पेराएवढा गिलावा. मोरीपासून लांबच्या कोपऱ्यातही तेच, तिथेही गंज. तिथे पाइपचं पाणी कधी पोचलंच नसतं.

नवरा त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. रविवार होता, मिस्त्री आलेला नव्हता. दीर दारात उभे होते.

"स्लॅब टाकला त्या दिवशी मी होतो," दीर म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तू लहान होतास, मामाकडे कळवणला पाठवलं होतं तुला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. आप्पांनी खटपट करून आणलं, पण ते ओसरीत पडून राहिलं. पोती ओल धरायला लागली. मग त्यांनी घाई केली. सळयांखाली दगडाच्या चिपा लावतात, वर उचलून धरायला. त्या आल्याच नव्हत्या. ठेकेदार म्हणाला, उद्या करू. आप्पा म्हणाले, उद्या सिमेंटचा दगड होईल, आजच टाका. मी स्वतः घमेली वाहिली त्या दिवशी."

"म्हणजे मोरीमुळे नाही?"

"मोरीचंही असेल थोडं. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?" माझ्या नवऱ्याचा आवाज चढला. "मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलो, दादाने घर बुडवलं. तू ऐकून घेतलंस?"

"काय सांगायचं? आप्पा गेलेले. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन घर बांधलं आणि मी उठून म्हणू, की त्यांनी चुकीचं बांधलं? त्यापेक्षा मी बुडवलं हेच बरं होतं."

नवरा चपला घालून निघून गेला. कुठे जातो हेही सांगितलं नाही. सायकल नेली नाही, स्कूटर नेली नाही. मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले, परत फाटकापर्यंत गेले. त्याला बरं वाटायला हवं होतं खरं तर, भावाचा दोष कमी झाला होता. पण मला कळत होतं त्याचं काय झालं होतं ते. राग धरायला एक ठरलेली जागा होती, ती गेली होती. आणि आप्पांवर राग धरणं त्यालाही जमणार नव्हतं. जाऊबाई पडवीत शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "बस जरा. येतील." मी बसले नाही. वणीच्या रस्त्यावरून जीपगाड्या चालल्या होत्या, माणसं टपावरही बसलेली. मी नुसती त्यांच्याकडे बघत उभी होते.

तो दुपारी आला तेव्हा त्याच्या हातात तारेचे दोन ब्रश होते. कुठून, कुणाकडून आणले, विचारलं नाही. शर्ट काढला, बनियनवर फळीवर चढला आणि सळईचा गंज खरवडायला लागला. थोड्या वेळाने खाली न बघता दुसरा ब्रश त्याने हाताने पुढे केला. दीर खोलीच्या दारात होते. त्यांनी तो घेतला, धोतर वर खोचलं आणि टेकूला धरून, साठीच्या माणसाला जमेल तसे, फळीवर चढले.

संध्याकाळपर्यंत दोघं छताकडे हात करून खरवडत होते. हात वर धरून काम करणं किती अवघड, ते केल्याशिवाय कळत नाही. लाल भुकटी त्यांच्या केसांत, भुवयांत, बनियनवर. बोलणं असं काहीच नाही. "इकडे राहिलं." "हां." "तो टेकू हलतोय." "धरलाय." एवढंच. पण मिस्त्री मधे नव्हता.

मग दिरांच्या डोळ्यात गंजाचा कण गेला. त्यांनी चोळला आणि तो आत रुतला. डोळा लालभडक झाला, पाणी थांबेना. जाऊबाई रडायलाच लागल्या. मी पाण्याने धुवायला गेले तर नवऱ्याने मला बाजूला सारलं.

"धुवू नका. डॉक्टरकडे नेतो."

त्याने स्कूटर काढली. दीर मागे बसले, एक हात डोळ्यावर, दुसरा धाकट्या भावाच्या खांद्यावर.  स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघी जावा फाटकात उभ्या होतो.

वेळ जाता जाईना. रविवार, डॉक्टर मिळतो की नाही. मिळाला तर डोळा वाचतो की नाही. जाऊबाई देवापुढे जाऊन बसल्या आणि लगेच उठल्या. मी कणीक भिजवली आणि पोळ्या लाटायला घेतल्याच नाहीत. मुलीला दोनदा कोपऱ्यापर्यंत पाठवलं. मनात नको नको ते येत होतं. आज इतक्या वर्षांनी एकत्र फळीवर चढले आणि आजच असं व्हावं? मला वाटलं, मी वर गेलेच नसते तर बरं झालं असतं.

अंधार पडता पडता स्कूटर आली. दिरांच्या डोळ्यावर पट्टी. दोघं उतरले, दिरांनी पायरीवर नीट पाऊल टाकलं आणि म्हणाले, "काढला कण. चार दिवस औषध घालायचं."

जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, "एवढा वेळ लागला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "दवाखान्यातून लवकर सुटलो. मग… मिसळ खाल्ली."

"मिसळ?"

"दादाला भूक लागली होती."

"मलाच नाही," दीर म्हणाले. "यानेच दोनदा रस्सा मागून घेतला."

जाऊबाईंनी हातातला तांब्या असा आपटला, की पाणी उडून भिंतीवर गेलं. "आम्ही इथे जीव मुठीत धरून बसलोय, आणि तुम्ही मिसळ खाताय!" आणि त्या दोघांवर एकदमच बोलायला लागल्या, दिराला आणि नवऱ्याला वेगळं न करता. मीही त्यात भर घातली. दोघं भाऊ माना खाली घालून ऐकत उभे, एकाच शाळेतल्या मुलांसारखे. त्या दिवशी पोळ्या आम्ही दोघींपुरत्या आणि मुलीपुरत्याच लाटल्या.

पुढचं काम मिस्त्रीने केलं. सळयांना गंजरोधक लावलं, जिथे त्या खाऊन बारीक झाल्या होत्या तिथे नव्या बांधल्या, वर जाळी ठोकली आणि सिमेंटचा हात मारला. छताला गिलावा चिकटवणं म्हणजे वरच्या दिशेने फेकायचं आणि तो खाली येऊ नये अशी आशा करायची. पहिल्या दिवशी अख्खा थर सुटून मिस्त्रीच्या डोक्यावर आला. तो तसाच राखाडी उभा राहून शिव्या देत होता, आणि फळीवर कुठली शिवी चालते नि कुठली नाही यावर दिरांचं त्याच्याशी वाजलं. नंतर थर पातळ घेतले, धरले. मग पाणी मारायचं. छतावर खालून मग्गे उडवायचे. ते काम मुलीने आनंदाने केलं. अर्धं पाणी तिच्याच अंगावर. वरची मोरी फोडून भिंतीच्या कडेला नेली, पाइप बाहेरून काढला. जागा दिरांनीच दाखवली, नवऱ्याने मान हलवली.

दसऱ्याच्या आधी टेकू निघाले. ज्या दिवशी शेवटचा टेकू काढला त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. मिस्त्रीने खालच्या पाचरीवर हातोडी मारली, टेकू सैल झाला, त्याने तो ओढून घेतला. काहीच झालं नाही. छत होतं तिथेच राहिलं. सगळे हसले. मी घाईने स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू येत होतं आणि ते का येतंय हे सांगता आलं नसतं.

दीर-जाऊबाई वर परत गेले. आतला बंद जिना काही उघडला नाही. कुणी तसं सुचवलंही नाही. पण कपाट दुसऱ्या खोलीतून परत जागेवर सरकवायला नवरा वर गेला, त्या लोखंडी जिन्याने, पहिल्यांदाच. खाली यायला त्याला वेळ लागला. आल्यावर म्हणाला, "वर वारा चांगला येतो." एवढंच.

सगळं गोड झालं असं नाही. मधल्या खोलीत मी पुढे कधी निजले नाही. नव्या छताचा रंग सुकला, पंखा लागला, तरी पलंगावर पडलं की डोळे मिटायचेच नाहीत. नवऱ्याने समजावलं, मिस्त्रीला पुन्हा बोलावून छत वाजवून दाखवलं. आवाज खणखणीत होता. मला तो ऐकू येत होता, पण पटत नव्हता. शेवटी ती खोली मुलीची झाली. ती तिथे दहावी-बारावीचा अभ्यास करत, पंख्याखाली पाय पसरून, निवांत झोपायची. मी दारातून बघून जायची.

भावाभावांचं बोलणं सुरू राहिलं, पण ते बेताचं होतं. सणावारी वर-खाली ताटं जायला लागली. दिरांना डोळ्याचा त्रास झाला की नवराच न्यायचा. पण दोघांचे स्वभाव काही बदलले नव्हते. दोन हजार सालानंतर कॉलनीतली बैठी घरं एकेक करून पडायला लागली आणि तिथे अपार्टमेंट उभी राहिली. आमच्याकडेही एक बिल्डर आला, दोन भावांना दोन-दोन फ्लॅट देतो म्हणून. बाहेरच्या खोलीत बसला होता. दीर म्हणाले, आप्पांचं घर पाडायचं नाही. नवरा म्हणाला, आप्पांनी घर कसं बांधलंय ते आपण दोघांनी बघितलंय, भावनेत जाऊ नकोस. दीर म्हणाले, तू काय बघितलंस, तू कळवणला आंबे खात होतास. नवरा म्हणाला, मला तिकडे पाठवायला मी सांगितलं होतं का? आवाज चढत गेले. बिल्डर आधी एकाकडे बघत होता, मग दुसऱ्याकडे, मग घड्याळाकडे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आत जावं की न जावं. जाऊबाईही जिना उतरून आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या, "चालू दे त्यांचं."

बिल्डर चहा न घेता उठून गेला. तो गेल्याचं दोघांच्या लक्षातही आलं नाही. घर अजून आहे. त्याचं काय करायचं, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.